ग्रीक मायथॉलॉजी आणि कॉमिक्स: नव्याने वाचायला घेताय? मग इथून सुरू करा

लहानपणी आमच्या वाड्यात दोन सायकली होत्या, एक अ‍ॅटलस आणि एक हर्क्युलस, आणि अ‍ॅटलसच्या हँडलखालच्या बिल्ल्यावर एक माणूस पृथ्वीचा गोळा उचलून उभा असायचा. तो कोण, कशासाठी उभा आहे, हे आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. खूप वर्षांनी वाचलं की ग्रीक कथेत अ‍ॅटलसच्या खांद्यावर पृथ्वी नाहीच, आकाश आहे, टायटन म्हणजे आधीच्या पिढीतली देवमंडळी देवांचा राजा झ्यूसशी लढाई हरली त्याची ती शिक्षा. आणि मग कळलं की हर्क्युलसला सोन्याची सफरचंदं हवी असतात, ती आणायला अ‍ॅटलस जातो आणि तोवर आकाश हर्क्युलस धरतो, अ‍ॅटलस परत येतो तर त्याला ओझं परत घ्यायची इच्छाच नसते, तेव्हा हर्क्युलस म्हणतो ठीक आहे, फक्त खांद्याला टोचतंय, जरा गादी लावून घेतो, तेवढा वेळ धर. अ‍ॅटलस धरतो आणि हर्क्युलस सफरचंदं उचलून चालू पडतो. म्हणजे वाड्यातल्या दोन्ही सायकली एकाच गोष्टीतल्या होत्या! मला ग्रीक मायथॉलॉजीचं वेड लागलं ते तिथून.

आता ओळखीतली मुलं, त्यांचे आईबाप, ऑफिसातले लोक विचारतात की वंडर वुमन बघितली, हेडीज गेम खेळलो, आता हे सगळं नीट समजून घ्यायचंय, कुठून सुरू करू? तर त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय.

पायरी १: वंशावळ पाठ करू नका, नावांच्या जोड्या लक्षात ठेवा

नवीन माणूस सगळ्यात आधी नेटवरून ग्रीक देवांचा भला मोठा फॅमिली ट्री शोधून काढतो आणि तिसऱ्या पिढीत त्याची गाडी अडते, कारण झ्यूसची पोरं मोजायला बसलं की फाटे फुटतच जातात. ते सोडून द्या. त्याऐवजी एक साधी गोष्ट करा, जवळजवळ प्रत्येक मोठ्या देवाला एक ग्रीक आणि एक रोमन नाव आहे, ती जोडी लक्षात ठेवा. झ्यूस म्हणजे ज्युपिटर, हेरा म्हणजे जुनो, पोसायडन म्हणजे नेपच्यून, अथीना म्हणजे मिनर्व्हा, अफ्रोडाइटी म्हणजे व्हीनस, हर्मीस म्हणजे मर्क्युरी, युद्धाचा एरीज म्हणजे मार्स. माणसांचंही तसंच, हेराक्लीसचा हर्क्युलस होतो आणि ओडिसियसचा युलिसिस. कॉमिक्सवाले ही नावं बिनधास्त मिसळतात, त्यामुळे जोडी माहीत नसली की एकच देव दोनदा भेटतो आणि आपल्याला वाटतं दोघं वेगळे आहेत.

सरावासाठी शझॅम घ्या. १९४० साली व्हिझ कॉमिक्सच्या दुसऱ्या अंकात हा हिरो आला, बिली बॅटसन नावाचा शाळकरी मुलगा एक शब्द उच्चारतो, वीज कडाडते आणि तो धिप्पाड माणूस होतो. त्या शब्दाचं एकेक अक्षर सोडवा: एस सॉलोमनचा, एच हर्क्युलसचा, ए अ‍ॅटलसचा, झेड झ्यूसचा, पुन्हा ए अकिलीसचा आणि एम मर्क्युरीचा. सॉलोमन तर बायबलमधला राजा, हर्क्युलस आणि मर्क्युरी ही रोमन नावं, बाकीचे तिघं ग्रीक. हे तुम्हाला न बघता सांगता आलं की पायरी १ झाली. त्याच वर्षी आलेला पहिला फ्लॅश बघा, डोक्यावरच्या टोपीला पंख आहेत, ते मर्क्युरीच्या पंखांच्या टोपीवरून आले हे आता सांगायला नको.

दोन ठिकाणी हमखास गोंधळ उडतो म्हणून सांगून ठेवतो. एरीज हा युद्धाचा देव आणि एरिस ही भांडणं लावणारी देवी, दोघं वेगळे. आणि मराठीत ही नावं प्रत्येकजण वेगळी लिहितो, अकिलीस, अ‍ॅकिलीस, अखिलीस, त्याने दचकू नका.

पायरी २: एक पाया धरा, पण "खरी गोष्ट कुठली" हे शोधत बसू नका

पायासाठी माझं एकच उत्तर असतं, जॉर्ज ओ'कॉनरची ऑलिंपियन्स ही मालिका. बारा पुस्तकं आहेत, २०१० ला झ्यूसपासून सुरू झाली आणि २०२२ ला डायोनायससवर संपली, प्रत्येक पुस्तक एका देवावर. कॉमिकच आहे, एका बैठकीत एक पुस्तक होतं, आणि शेवटी लेखकाने टिपा दिल्यात की अमुक चित्र असं का काढलं, ही गोष्ट कुठून घेतली. बाराच्या बारा घ्यायची गरज नाही. झ्यूस घ्या, मग हेरा घ्या कारण त्यात हेराक्लीसची बारा कामं आहेत, आणि मग एरीज, त्यात ट्रॉयचं युद्ध आहे. या तिघांवर तुमचं पुढचं निम्मं काम भागतं.

आता महत्त्वाचं. वाचता वाचता तुम्हाला दिसेल की एकाच घटनेच्या दोन-तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मग नवीन वाचक अस्वस्थ होतो, यातली ओरिजिनल कुठली? अफ्रोडाइटी हेसिअडच्या काव्यात समुद्राच्या फेसातून जन्मते आणि होमरकडे ती झ्यूस आणि डायोनीची मुलगी आहे. दोघंही प्राचीन, दोघंही ग्रीक. त्यानंतर इसवी सनपूर्व पाचव्या शतकातले अथेन्सचे नाटककार आले, त्यांनी बदललं, मग इसवी सनाच्या सुरुवातीला रोमचा कवी ओव्हिड आला, त्याने आणखी बदललं. म्हणजे मूळ म्हणून एक ग्रंथ हातात धरावा असं तिथे काहीच नाही, सगळं सांगणाऱ्यावर आहे. मला वाटतं मराठी वाचकाला हे पचवणं सोपं जावं, वाल्मीकींचा राम, एकनाथांच्या भावार्थ रामायणातला राम आणि गदिमांच्या गीतरामायणातला राम आपण एकाच घरात ऐकत वाढतो आणि त्यातला खोटा कुठला असं कधी विचारत नाही. तीच सवय इथे वापरा.

म्हणून कुठलंही कॉमिक, सिनेमा, गेम हातात घेतला की प्रश्न "हे बरोबर आहे का" हा नको. याने काय बदललं आणि का बदललं, हा प्रश्न धरा. सगळी मजा त्यात आहे.

पायरी ३: एकच पात्र निवडा आणि त्याच्या मागे लागा

दहा ठिकाणी चोची मारण्यापेक्षा एक पात्र धरून ऐंशी वर्षं फिरून या. मी वंडर वुमन सुचवतो कारण इतका लांब आणि सलग धागा दुसरीकडे मिळत नाही.

आधी ग्रीक बाजू. हेराक्लीसचं नववं काम होतं अ‍ॅमेझॉन राणी हिपॉलिटीचा कमरपट्टा आणणं. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या ग्रंथात ती बिचारी पट्टा द्यायला तयार होते, पण हेरा वेश बदलून अफवा उठवते की हा परका माणूस राणीला पळवून नेतोय, अ‍ॅमेझॉन्स शस्त्रं घेऊन धावतात आणि हेराक्लीस हिपॉलिटीला मारून टाकतो. ग्रीकांच्या कथेत या लढवय्या बायका बहुतेक वेळा हरण्यासाठीच येतात, पार्थेनॉनच्या पश्चिम बाजूच्या शिल्पांतही अथेन्सच्या लोकांनी त्यांच्याशी झालेली लढाईच कोरली होती.

आता १९४१. विल्यम मोल्टन मार्स्टन नावाचा मानसशास्त्रज्ञ, ज्याने रक्तदाबावरून खोटं पकडायच्या चाचणीवर काम केलं होतं (तिच्या हातातला खरं बोलायला लावणारा दोर आठवा), तो चित्रकार एच. जी. पीटरबरोबर ही कथा उचलतो आणि उलटी करतो. त्याच्या कॉमिकमध्ये हर्क्युलस दगा करून अ‍ॅमेझॉन्सना गुलाम करतो, त्या सुटतात, पुरुषांच्या जगापासून लांब बेटावर जातात, आणि मनगटात जाड कडी कायम घालून ठेवतात, गुलामीची आठवण म्हणून. वंडर वुमन ज्यावर गोळ्या झेलते ती हीच कडी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जुने अंक काढून पुन्हा बघितले, प्रत्येक चौकटीत ती कडी असतात आणि आपण त्याला नुसता दागिना समजत आलेलो असतो. ग्रीकांनी ज्या बाईला एका परिच्छेदात मारलं तिची मुलगी इथे नायिका झाली.

आणि तिचा जन्म बघा. हिपॉलिटा (कॉमिकमध्ये हिपॉलिटीचं नाव असं आहे) मातीची मुलगी घडवते, तीच डायना म्हणजे वंडर वुमन, आणि अफ्रोडाइटी त्या मूर्तीत प्राण घालते. हीसुद्धा जुनीच कल्पना, ओव्हिडकडे पिग्मेलियन नावाचा शिल्पकार स्वतः घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडतो आणि व्हीनस ती मूर्ती जिवंत करते. हे नाव ओळखीचं वाटतंय ना? बर्नार्ड शॉने त्यावरून नाटकाचं नाव ठेवलं आणि पुलंनी त्या नाटकावरून ती फुलराणी लिहिलं. मंजुळेला घडवणारा प्राध्यापक आणि मातीची डायना घडवणारी राणी, दोघांच्या मागे सायप्रसचा तोच शिल्पकार उभा आहे. (पुलंनी सोफोक्लीसचं नाटकही मराठीत आणलंय, राजा ओयदिपौस, मिळालं तर जरूर वाचा.)

पुढचा टप्पा १९८७, जॉर्ज पेरेझ. इथे देव नुसते नावापुरते राहत नाहीत, त्यांचं राजकारण सुरू होतं, आणि त्याने ऑलिंपस म्हणजे देवांचं घर काढलंय ते असं की जिने वर जाताहेत का खाली कळत नाही, एक देव सरळ उभा तर दुसरा त्याच पायरीच्या उलट्या बाजूला. बारीक चित्रं आहेत, पान घाईने उलटू नका. थेमिस्किरा हे बेटाचं नाव आपल्याला आज माहीत आहे ते याच काळातलं.

मग २०११, लेखक ब्रायन अझरेलो आणि चित्रकार क्लिफ चियांग. देवांचे चेहरे इतके ताजे दुसऱ्या कुणी केले असतील असं मला वाटत नाही. पहिल्याच अंकात हेरा मोरपिसांचा झगा घालून घोड्यांच्या तबेल्यात येते, आणि तो मोर उगाच नाही, मोर हा तिचाच पक्षी आहे. पाताळाचा देव हेडीज म्हणजे लहान मुलाएवढी आकृती, डोक्यावर पेटलेल्या मेणबत्त्या आणि ते मेण ओघळून त्याचे डोळे झाकून गेलेत. बघितल्यावर विसरता येत नाही. पण याच मालिकेत डायना झ्यूसची मुलगी ठरते आणि मातीची गोष्ट खोटी निघते, आणि हा बदल मला अजिबात पटत नाही. जिला बापच नाही, जी फक्त आईच्या इच्छेतून जन्मली, अशी नायिका सगळ्या कॉमिक्समध्ये एखादीच, तिला पुन्हा झ्यूसच्या पोरांच्या रांगेत नेऊन बसवलं. २०१७ च्या सिनेमानेही तेच घेतलं. तुम्हाला कदाचित आवडेल, पण दोन्ही वाचून मग ठरवा.

पायरी ४: मोबाइलवर वाचायचं असेल तर

रेचल स्माइथ या न्यूझीलंडच्या चित्रकर्तीचं लोर ऑलिंपस, २०१८ ते २०२४ पर्यंत वेबटूनवर चाललं आणि संपूर्ण झालंय. पानं उलटायची नाहीत, अंगठ्याने खाली सरकवत जायचं. हेडीज निळा, पर्सेफोनी गुलाबी, आणि देवांकडे मोबाइल, गाड्या, ऑफिसं सगळं आहे. रंगांवरच अर्धी गोष्ट कळते.

वाचण्याआधी जुनी गोष्ट माहीत करून घ्या. डिमीटरच्या होमरिक स्तोत्रात पर्सेफोनी फुलं तोडत असते, जमीन फाटते आणि हेडीज तिला रथातून घेऊन जातो, आणि याला तिच्या बापाची म्हणजे झ्यूसची संमती असते, तिची नाही. तिची आई डिमीटर रागाने पिकं उगवू देत नाही, दुष्काळ पडतो, शेवटी मुलगी परत येते पण तिने डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खालीच राहावं लागतं. मुळात ही आई आणि मुलीची गोष्ट आहे. स्माइथने ती प्रेमकथा केली. मला मालिका आवडते, पण त्यात आईचं दुःख थोडं मागे पडलं हे खरं, म्हणून ते स्तोत्र इंग्रजी भाषांतरात वाचाच, अर्ध्या तासात होतं. आणि आईबाबांनो, गुलाबी रंग बघून लहान मुलांच्या हातात देऊ नका, त्यात लैंगिक अत्याचाराचा विषय आहे आणि तो गंभीरपणे हाताळलाय.

लहान मुलांसाठी रिक रायर्डनचा पर्सी जॅक्सन, २००५ पासूनची पुस्तकं आहेत, त्यांची कॉमिक रूपंही आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही.

पायरी ५: गेम

२००५ चा गॉड ऑफ वॉर आणि २०२० चा हेडीज, दोन्ही नावं ऐकली असतील. पहिला मोठ्यांसाठीच, रक्तपात प्रचंड आहे. त्यातला क्रेटॉस म्हणजे देवांना मारत सुटलेला स्पार्टाचा योद्धा, पण या नावाचा एकजण ग्रीक नाटकात आधीच आहे, प्रॉमिथियसला खडकाला बांधायला झ्यूसने पाठवलेला नोकर, नावाचा अर्थ शक्ती.

हेडीज मात्र वेळ काढून खेळा, गेम खेळत नसाल तरी खेळा. माझी भाची खेळत होती आणि मी शेजारी बसून बघत होतो, झॅग्रियस हा हेडीजचा मुलगा पाताळातून पळून जायला बघतो, वाटेत मरतो, आणि मेला की रक्ताच्या तळ्यातून थेट बापाच्या घरात येऊन उभा राहतो. बाकी गेममध्ये मेलं की चिडचिड होते, इथे ती मुद्दाम घरी यायची, कारण आल्यावर प्रत्येकजण काहीतरी नवीन बोलतो. ट्रॉयच्या युद्धातला अकिलीस कोपऱ्यात भाला घेऊन उभा असतो आणि हळूहळू कळतं की तो त्याच्या जिवलग पॅट्रोक्लसच्या आठवणीने झुरतोय. तीन डोक्यांचा सर्बेरस दारात बसलेला, त्याला कुरवाळता येतं. "मामा, हा अकिलीस एवढा उदास का?" असं तिने विचारलं आणि त्या रात्री आम्ही होमरच्या इलियड या काव्यातली गोष्ट काढून बसलो. या गेमला २०२१ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, जो विज्ञानकथा-फँटसीच्या साहित्याला देतात.

पायरी ६: सिनेमे बघताना

इथे थोडक्यात सांगतो. १९६३ चा जेसन अँड द आर्गोनॉट्स आधी बघा, रे हॅरीहाउसेनने सात सांगाडे एकेक फ्रेम हलवून लढवलेत, आजही अंगावर काटा येतो. क्लॅश ऑफ द टायटन्समधला क्रॅकन ग्रीक नाही, तो उत्तरेकडच्या खलाशांच्या कथांतला राक्षस आहे, पर्सियसने मारलेला समुद्रराक्षस वेगळा. डिस्नीच्या १९९७ च्या हर्क्युलसमध्ये हेरा प्रेमळ आई आहे, ग्रीक कथेत ती त्याचा आयुष्यभर छळ करते. ट्रॉय सिनेमात देवांना जवळजवळ काढूनच टाकलंय. आणि ३०० ही मायथॉलॉजी नाही, फ्रँक मिलरच्या १९९८ च्या कॉमिकवरून बनलेला तो सिनेमा इसवी सनपूर्व ४८० च्या खऱ्या लढाईवर आहे, जरी त्यात इतिहासापेक्षा कल्पना जास्त असली तरी.

पायरी ७: वही ठेवा

हे काम कुणी करत नाही आणि याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. एका पानावर एक पात्र. वर जुनी गोष्ट दोन-तीन ओळीत, खाली प्रत्येक नवीन रूपात काय बदललं. माझ्या वहीतलं मेड्यूसाचं पान असं आहे:

हेसिअड: तीन गॉर्गन बहिणींपैकी एक, तिघींत फक्त हिलाच मरण आहे. ओव्हिड: सुंदर केसांची मुलगी, मिनर्व्हाच्या देवळात नेपच्यून तिच्यावर बळजबरी करतो आणि शिक्षा मात्र तिलाच, केसांचे साप होतात. १९८१ चा क्लॅश ऑफ द टायटन्स: धनुष्यबाण घेतलेली, शेपटी खुळखुळ वाजवत अंधारातून सरपटत येणारी, सहानुभूती शून्य. पर्सी जॅक्सन: हायवेजवळ बागेतल्या पुतळ्यांचं दुकान चालवणारी बाई, आणि ते पुतळे कसे तयार होतात हे वाचकाला आधीच कळतं. लुचियानो गार्बाती या शिल्पकाराने २००८ मध्ये उलटंच केलं, जुन्या गोष्टीत पर्सियस तिचं डोकं कापतो, इथे मेड्यूसा उभी आणि तिच्या हातात पर्सियसचं डोकं, आणि २०२० ला हा पुतळा न्यूयॉर्कमध्ये फौजदारी कोर्टासमोर ठेवला गेला.

एवढ्या पाच नोंदी एकाखाली एक वाचल्या की प्रत्येक काळाला तिच्यात काय दिसलं हे आपोआप समोर येतं, कुठल्याही पुस्तकातून हे इतकं स्वच्छ कळत नाही.

कुणीतरी विचारेलच की आपल्याकडे एवढ्या गोष्टी असताना ग्रीकांच्या का वाचायच्या. अनंत पै सांगायचे की १९६७ मध्ये दिल्लीत टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांनी ग्रीक देवांची उत्तरं पटकन दिली आणि रामाच्या आईचं नाव विचारल्यावर ती अडली, त्या अस्वस्थतेतून त्यांनी अमर चित्र कथा सुरू केली. मी त्याच अमर चित्र कथा वाचत मोठा झालोय, आणि म्हणूनच मला यात भांडण दिसत नाही. कौसल्या माहीत असलेल्या मुलाने डिमीटर वाचली तर त्याला दोघींचा ताटातुटीचा शोक कळतो.

राहिला प्रश्न पुस्तकं मिळण्याचा. नवी कॉमिक्स महाग असतात, म्हणून आधी ओळखीच्या लायब्ररीत विचारा, मग जुन्या पुस्तकांच्या बाजारात शोधा, मुंबईत असाल तर फाउंटनजवळच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे मला वंडर वुमनचे दोन जुने खंड मिळालेत. गेलात की तिथेच मान वर करून बघा, १८६४ पासून त्या कारंज्याच्या टोकावर फ्लोरा उभी आहे, रोमन देवी. ओव्हिडच्या काव्यात ती स्वतः सांगते की मी आधी क्लोरिस होते, पश्चिमेच्या वाऱ्याने माझा पाठलाग केला. वहीचं पहिलं पान तिच्यापासून सुरू करा.